डाव्या हाताचा दवाखाना

१२ जानेवारी

प्रिय डावऱ्या,

पत्ता वहिनीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला भंडावून सोडलं होतं. आणि पत्रच का, असं विचारशील तर बोलायला लागलो की आपण दोघं भांडतो. लिहिताना निदान एक जण तरी गप्प असतो. त्यामुळे आता तू गप्प बस आणि वाच.

बाबा दवाखाना पाडतायत. दचकू नकोस, इमारत नाही, आतलं सगळं. छत ओल धरून कधीचं फुगलं होतं. एका दुपारी त्यातला पोपडा सुटला आणि थेट एका आजींच्या मांडीवर पडला. बिचाऱ्या तोंड उघडं टाकून बसल्या होत्या, थोडक्यात बचावल्या. मला म्हणतात कशा, "दाढ काढायची म्हणालात, घर कशाला काढताय?" बाबा हसले नाहीत. नुसते वर बघत राहिले आणि म्हणाले, "आता करूनच टाकू." मला वाटलं, रंग मारतील. दुसऱ्या दिवशी प्लंबर, सुतार आणि एक इंटिरिअरवाली बाई, असे तिघं दारात हजर!

आता तिथे फरशी नाही. नुसती माती, विटांचे तुकडे आणि जुने गंजके पाइप. खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये चादर पांघरून उभी आहे. हत्यारं उकळायचं मशीन मी घरी आणून ओट्यावर ठेवलंय. चहा टाकायला गेलं की शेजारी चिमटे बघावे लागतात. केसांत धूळ, डब्यात धूळ. पेशंट काम संपेपर्यंत बंद. तरी रोज एखादा गाल धरून येतोच आणि मातीच्या ढिगाकडे बघून परत जातो.

आता मुद्द्याचं. इंटिरिअरवाली बाई हुशार आहे, पण तिने दातांचा दवाखाना कधी केलेला नाही. मी तिला समजावत होते. म्हटलं, अहो, इथे सगळं एका गोष्टीवर ठरतं, डॉक्टर पेशंटच्या कुठल्या हाताला बसणार. डॉक्टर उजवीकडे बसले की हत्यारांचा ट्रे उजवीकडे, थुंकायचं बेसिन डावीकडे, थुंकी ओढायची नळी धरणारी मी डावीकडे. मग कपाटं, नळ, एक्स-रेचा हात, सगळं त्या हिशोबाने. आणि खुर्चीचं पाणी, हवा, ड्रेनेज हे सगळं जमिनीखालून येतं, तेव्हा हे फरशी बसायच्या आधी ठरवावं लागतं. ती वहीत लिहून घेत होती. एवढ्यात बाबा आले. प्लंबरच्या हातातला खडू घेतला, खाली वाकले आणि जमिनीवर खुर्ची काढली. रेघा अगदी वाकड्यातिकड्या, लहान मुलाने काढाव्यात तशा. खुर्चीच्या शेजारी एक गोल काढला. "डॉक्टर इथे बसणार."

तो गोल डावीकडे होता.

मी म्हटलं, "बाबा, उलटं झालं."

"उलटं नाही झालं," म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

डावऱ्या, या घरात डावीकडे बसणारा माणूस एकच आहे.

मला सगळं आठवतं. तू अभ्यासाला बसलास की तुझ्या डाव्या हाताला रुमाल बांधून दुसरं टोक टेबलाच्या पायाला अडकवायचे ते. तू उजव्या हाताने बाराखडी काढायचास आणि प्रत्येक अक्षर पडल्यासारखं दिसायचं. आणि मग तू दातांचा डॉक्टर होऊन परत आलास, पहिल्याच आठवड्यात ट्रे ओढून डावीकडे घेतलास, स्टूल डावीकडे नेलंस. पेशंट खुर्चीत होता. बाबांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "ऊठ." तू उठलास. ते बसले, सगळं उजवीकडे घेतलं आणि त्या माणसाला म्हणाले, "माफ करा हं, मुलगा अजून शिकतोय." मी नळी धरून उभी होते. तू ॲप्रन काढून खुंटीला लावलास आणि निघून गेलास. तो आजवर कुणी काढलेला नव्हता. परवा सुताराने खुंटीसकट काढला.

मी तुला दोष देत नाही. त्यांनाही भरपूर देऊन झाला, आता माझ्याकडे शिल्लक नाही.

पण तुला आपलं घर माहीत आहे. इथे कुणी कुणाला विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. वस्तू बघायच्या आणि ओळखायचं. बाबांनी चपला कुठे काढल्या ते बघून आई त्यांचा दिवस कसा गेला ते ओळखायची आणि त्याप्रमाणे आपल्याला दम द्यायची. मी तिच्याच हाताखाली शिकले. तेव्हा मला विचारशील तर त्या गोलाचा अर्थ मला कळला. बाबांनी तुझी जागा आखली आहे. याहून जास्त माफी त्या माणसाला मागता येत नाही.

महिनाअखेर फरशी बसेल. मग पाइप हलत नाहीत. ये असं म्हणत नाही. एवढं फक्त तुला माहीत असावं.

तुझी ताई


४ फेब्रुवारी

डावऱ्या,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी! "ते स्वतः म्हणाले का?" संपलं. वर ताई नाही, खाली नाव नाही. तरी मी ते उशीखाली ठेवून झोपले, आता हस.

नाही म्हणाले. म्हणणारही नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना "आ करा" म्हणून सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड उघडत नाही, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार? मीही विचारलं नाही. का, तर मी विचारायचा अवकाश, ते चिडून सगळे पाइप परत उजवीकडे करायला लावतील. त्यांचा हट्ट तुला सांगायला नको. आपल्या दोघांत तोच तर वाटला गेलाय.

पण पुरावा हवा ना तुला? ऐक मग.

फरशी बसली. फिकट राखाडी, धुवायला सोपी. कपाटं डाव्या भिंतीला, हात धुवायचं बेसिन डावीकडे, एक्स-रेचा हातही तिकडून. खुर्ची नवी आली, हिरवट रंगाची. बसवणारा माणूस दोनदा विचारून गेला, "नक्की डाव्या हाताचंच ना? परत बदलून मागू नका." बाबा म्हणाले, "बसव."

आणि तेव्हापासून रोज दुपारी बाबा आत जातात. मागच्या कपाटातले जुने साचे त्यांनी बाहेर काढलेत. आठवतात ना, प्लास्टरचे जबडे, ज्यांवरून कवळ्या करायचो? त्यातले निम्मे लोक वारले, पण त्यांचे दात अजून आपल्याकडे आहेत. त्यातला एक साचा खुर्चीच्या डोक्याला चिकटपट्टीने बांधतात, डावीकडच्या स्टुलावर बसतात, मशीन डाव्या हातात धरतात आणि तासन्‌तास त्या प्लास्टरच्या दाढा कोरत बसतात.

मी दारातून पाहिलं. आधी कळेचना हा काय प्रकार. मग लक्षात आलं. अरे, ते तुझ्या बाजूने बसून बघतायत! हात कुठवर पोचतो, दिवा नीट पडतो का, पायाचं बटण सापडतं का. मी विचारलं, "बाबा, जमतंय का?" तर चोरी पकडल्यासारखे दचकले. "जरा बघतोय," म्हणाले आणि माझ्याकडे पाठ केली.

मी पॅसेजमध्ये येऊन रडले. सांगते उघड. ज्या माणसाने तुझा हात टेबलाला बांधला, तो म्हातारा होऊन तुझ्या हाताने काम करून बघतोय. अजून काय हवं तुला? स्टॅम्प पेपरवर लिहून?

बाकी बाबा बरे आहेत. आळशी झालेत पण. चिठ्ठ्या मला लिहायला लावतात, सह्याही जमेल तेवढ्या टाळतात. चहा अर्धाच कप लागतो म्हणतात आणि मग दोनदा मागतात. दिवसभर उजवा हात खिशात, एखाद्या साहेबासारखा. म्हातारपण आहे, दुसरं काय.

पुढच्या वेळी वर "ताई" लिहायला विसरू नकोस. हात झिजत नाही तेवढ्याने.

ताई


२१ फेब्रुवारी

डावऱ्या, डावऱ्या, डावऱ्या!

खरंच नोकरी सोडायची नोटीस दिलीस? मी पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग प्लंबरला वाचून दाखवलं. त्याला बिचाऱ्याला काय कळणार, तो म्हणाला, "चांगलं आहे."

वहिनीचं म्हणणं मला समजतं. "आधी त्यांनी बोलवू दे." तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, वर चार शिव्याही घातल्या असत्या. पण तिला सांग, काही माणसं तोंडाने बोलावत नाहीत, जमीन खणून बोलावतात. तिला आपल्या घराची सवय नाही. होईल.

तू पाठवलेली मापं मी सुताराला दिली. तुझी पाठ गेलीये हे वाचून मला वाईट वाटलं. उंच माणसाने बुटक्या ओट्यावर वाकून वाकून काम केलं की दुसरं काय होणार? सुताराने लगेच ओटा उंच केला. संध्याकाळी बाबांनी बघितलं. "एवढं उंच कुणासाठी?" म्हणाले आणि सुताराला परत खाली करायला लावलं. पार त्यांच्या कोपराच्या मापाचा. मी तोंडातून शब्द काढला नाही, माझं कौतुक कर. म्हातारा अगदी शेवटच्या क्षणापर्यंत नाक वर ठेवणार आहे, ठेवू दे. तू आलास की आपण चार विटा घालू खाली.

बाहेरच्या खोलीला मी पिवळट रंग घेतला. लोक घाबरलेले असतात, पांढरा बघून अजून घाबरतात. मधल्या दाराला रबर लावून घेतलं, म्हणजे आतला मशीनचा आवाज बाहेर बसलेल्याला कमी येईल. ही माझी कल्पना. एवढी वर्षं त्या आवाजात बसलेल्यांचे चेहरे मीच बघितलेत.

आणि बोर्डवाल्याला दोन नावं सांगितलीत. वर त्यांचं, खाली तुझं. बाबांना पत्ता नाही. एकदम लागलेलाच दिसू दे.

लवकर ये रे. एवढ्या मोठ्या घरात मी आणि ते, दोघं दोन टोकांना बसतो. टीव्ही लावतो तो बघायला नाही, कुणीतरी बोलत राहावं म्हणून.

ताई


९ मार्च

प्रिय डावऱ्या,

घाईत लिहितेय.

नोटिशीचा काळ पुरा करच. रजा टाकून लवकर निघतोस असं लिहिलंयस, ते करू नकोस. इथे अजून बरंच बाकी आहे. रंग ओला आहे. नळाचं काम राहिलंय.

वहिनीशी परत एकदा शांतपणे बोल. मी तिचं म्हणणं उगाच उडवून लावलं. घर सोडायचं मालकाला सांगितलं नसशील तर इतक्यात सांगू नकोस. मुलीच्या शाळेचंही बघ, परीक्षेच्या तोंडावर कशाला.

बोर्ड लागला. एकाच नावाचा लागलाय सध्या. बोर्डवाल्याचं चुकलं, दुरुस्त करून घेऊ.

नाही रे, काही झालेलं नाही. बाबा ठीक आहेत. माझी खालची दाढ ठणकतेय जरा. दातांच्या डॉक्टरची मुलगी आणि तोंडात कीड, लोकांना सांगू नकोस.

तुमच्याकडे दिलेली नोटीस मागे घेता येते का? सहज विचारतेय.

ताई


१७ मार्च

प्रिय भावा,

गेल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. बोर्डवाल्याचं काही चुकलं नव्हतं. आता सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

बोर्ड आला त्या दिवशी तो भिंतीला टेकवून ठेवला होता. बाबा समोर उभे राहून बघत होते. मी मागून हळूच गेले, म्हटलं, आता चेहरा बघू.

"हे दुसरं नाव कशाला?" म्हणाले.

"येतोय ना तो."

"कोण?"

"कोण म्हणजे? नोटीस दिली त्याने! तुम्ही त्याच्यासाठी एवढं सगळं केलंत..."

"मी काय केलं त्याच्यासाठी?"

मी नुसता हात फिरवला, खुर्चीवरून, कपाटांवरून, बेसिनवरून. म्हटलं, "ही डावी बाजू."

त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि माझ्यासमोर धरला. डावऱ्या, तो हात थरथरत होता. थोडाथोडका नाही. आधण आल्यावर झाकण उडतं ना, तसा. त्यांनी दाबून धरायचा प्रयत्न केला तर दंडही हलायला लागला.

"हा गेला," म्हणाले. "म्हणून डावा तयार करतोय. दवाखाना बंद करून घरात बसू का?"

मी रोज त्यांच्या समोर बसायचे रे. हातभर अंतरावर. नळी धरून, त्याच तोंडात बघत. आणि मला दिसलं नाही! शेवटी शेवटी ते पेशंटच्या गालावर मनगट घट्ट टेकवायचे, मला वाटायचं, थकलेत. चिठ्ठ्या, सह्या, अर्धा कप चहा, हे सगळं तुला मीच लिहून पाठवलं होतं. तू दूर बसून ओळखलं असतंस तर बरं झालं असतं. पण तुला मी सांगितलं होतं ना काय ओळखायचं ते.

मग मात्र मी ओरडले. आजवर कधी ओरडले नव्हते. म्हटलं, "त्याच्या हाताला रुमाल बांधत होतात तुम्ही! डाव्या हाताने काम केलं म्हणून पेशंटसमोर उठवलंत त्याला! आणि आज स्वतःवर वेळ आली तर अख्खा दवाखाना फिरवलात?"

ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "तो सहा वर्षांचा होता. त्या वयात हात वळतो. माझा बघ, किती अडतोय."

रागाने नाही म्हणाले. त्यांना खरंच स्वतःचं दुःख सांगायचं होतं. दुसरं नाव त्यांनी त्याच दिवशी पुसायला लावलं.

तुला लगेच कळवायला हवं होतं. पण नोटीस तू माझ्या शब्दावर दिली होतीस. लाज वाटली. वाटलं, तू येईपर्यंत मी त्यांना वळवीन. म्हणून ते अर्धंमुर्धं पत्र.

मग गेल्या शुक्रवारी त्यांनी पहिला पेशंट बोलावला. ते रिटायर झालेले बसड्रायव्हर काका, खालची दाढ भरायची. मी म्हटलं, "बाबा, नको." ते म्हणाले, "साच्यांवर करून करून बोटं सोलली माझी. एक चूक दाखव." आणि दाखवले मला ते साचे, ओळीने मांडून. खरंच सुंदर काम होतं रे. कडा साफ, खोली बरोब्बर. तू असतास तर तूही वा म्हणाला असतास.

मी म्हटलं, "आधी माझी दाढ करा. ठणकतेय."

दोन कारणं होती. एक, त्या काकांचं तोंड मला त्यांच्या हाती द्यायचं नव्हतं. दुसरं कारण सांगायला जिवावर येतंय, पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही. मला मनातून वाटत होतं की जमावं. तुझ्यावर एवढा अन्याय झाला, मला सगळं कळत होतं, आणि तरी खुर्चीत आडवी झाल्यावर मी मनात म्हणत होते, जमू दे रे म्हाताऱ्याला.

इंजेक्शन छान दिलं. डावा हात जराही हलला नाही. जीभ, ओठ, सगळं बधिर झालं. मशीन सुरू झालं, पाणी उडायला लागलं. आणि मग त्यांनी माझी जीभ बाजूला धरायला आरसा घेतला. उजव्या हातात.

साच्याला जीभ नसते, डावऱ्या. गालही नसतात. इतके आठवडे ते डाव्या हाताने कोरत होते आणि उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. तोंडात काम करायला दोन्ही हात लागतात हे काय त्यांना माहीत नाही? जन्म गेला त्यांचा त्यात. आणि जीभ एरवी धरून ठेवतं कोण? मी. शेजारी बसून, नळीने. ती मी तर खुर्चीत पडलेली, तोंड भरून पाणी. दोघांचं आयुष्य त्या खोलीत गेलं आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आरसा थरथरला, जीभ सुटली आणि मशीनखाली आली.

दुखलं नाही, बधिर होतं ना. मला वाटलं, पाणीच आहे. मग त्यांचा चेहरा बघितला. बटणावरचा पाय त्यांनी तत्क्षणी काढला होता, कापूस दाबला होता, "हलू नकोस, हलू नकोस," म्हणत होते. टाके घालायला सुई घेतली. आधी उजव्या हातात, मग डाव्या, मग परत उजव्या. मग सुई ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. कुठला हात होता ते कळत होतं.

शेवटी ड्रायव्हर काकांनीच आम्हाला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. जिभेच्या कडेला टाके पडलेत. भरून येईल, बोलता येईल, असं म्हणतात. आणखी काही दिवस नुसतं दूध आणि पाणी, तेही नळीने.

घरी आल्यावर बाबांनी हत्यारं स्वतः धुतली, उकळायला लावली, खुर्ची पुसली आणि शटर ओढलं. तेव्हापासून उघडलेलं नाही. नवा कोरा दवाखाना, आतून रंगाचा वास येतोय आणि दारावर कुलूप. लोक येतात, बोर्ड वाचतात, जातात. बाबा मागच्या खोलीत बसून असतात. हात आता खिशात घालत नाहीत, समोर टेबलावर ठेवतात आणि बघत बसतात.

काल मी दूध पीत होते तेव्हा समोर येऊन बसले. मग म्हणाले, "कधी येतोय तो?"

एवढंच. हे म्हणताना त्यांचा आवाज कसा होता, त्यांनी कुठे बघितलं, पश्चात्ताप होता की दवाखाना चालवायला माणूस हवाय, मला विचारू नकोस. मला जे वाटलं ते मी तुला सांगणार नाही. मला वाटलेल्या गोष्टींवर तू एकदा नोकरी सोडलीस, तेवढं पुरे. बोलले ते त्यांचे शब्द आहेत, ते तुझ्यापर्यंत पोचवले. अर्थ तुझा तू लाव, नाहीतर त्यांना विचार.

माझं म्हणशील तर मला तू हवा आहेस. हे मी ओळखून लिहीत नाहीये, हे मला माहीत आहे. पण माझ्यासाठी येऊ नकोस. इथे तुझ्यासाठी कुणी काहीही बांधलेलं नाही, ओटासुद्धा तुझ्या मापाचा नाही. हे सगळं माहीत असताना यावंसं वाटलं तर ये. नोटीस मागे घेतलीस तरी मी रागावणार नाही, वहिनीला तसं सांग आणि तिची माफी माग माझ्या वतीने.

घरातला फोन नंबर अजून तोच आहे. दुपारी ते मागच्या खोलीत असतात, फोनही तिथेच ठेवलाय. मला बोलता येत नाही, तेव्हा तू फोन केलास तर बाबाच उचलतील.

तुझी ताई